चार्ज वेगळा, ऑक्सिडेशन नंबर वेगळा: अकरावी सायन्सला जाणाऱ्यांसाठी पायरी पायरीने

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं अकरावी सायन्सला गेली की केमिस्ट्रीत पहिल्यांदा अडखळतात ती बहुतेक याच जागी. दहावीला संयुजा झालेली असते, मूलकं पाठ केलेली असतात, ऑक्सिडीकरण म्हणजे ऑक्सिजन मिळणं किंवा हायड्रोजन जाणं एवढं डोक्यात पक्कं असतं, आणि मग अकरावीला व्हॅलन्सी (म्हणजे संयुजाच), चार्ज आणि ऑक्सिडेशन नंबर हे तिन्ही शब्द एकाच तासाला एकाच फळ्यावर येतात आणि तिघांची उत्तरं बऱ्याचदा सारखीच दिसतात. सोडियमची संयुजा १, चार्ज १+, ऑक्सिडेशन नंबर +१. मग वाटतं एकच गोष्ट आहे, नावं तीन. आणि जेव्हा सल्फेट येतं, ज्याचा चार्ज दोन मायनस आहे पण आतल्या सल्फरचा नंबर प्लस सहा आहे, तेव्हा सगळं कोसळतं.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो. आयन म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन किंवा घेऊन चार्ज आलेला अणू किंवा अणूंची टोळी. आयनावरचा चार्ज खरा असतो, मिठाच्या पाण्यात दोन इलेक्ट्रोड टाकून बॅटरी जोडली तर प्लसवाले आयन एकीकडे आणि मायनसवाले दुसरीकडे सरकतात, तो मोजता येतो. ऑक्सिडेशन नंबर मात्र कागदावरचा हिशोब आहे, ठरवून दिलेल्या नियमांनी केलेला. हिशोब फार उपयोगाचा आहे पण तो हिशोबच आहे. हे दोन वेगळे ठेवलेत की पुढचं सगळं सोपं आहे, खरंच.

पायरी १: चार्ज कुठून येतो ते आधी बघा

सोडियमच्या अणूत ११ प्रोटॉन, ११ इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉनची मांडणी २, ८, १. बाहेरचा तो एकटा इलेक्ट्रॉन गेला की प्रोटॉन ११ च राहतात, इलेक्ट्रॉन उरतात १०, म्हणजे एक प्लस जास्त झाला आणि चार्ज १+. क्लोरीनमध्ये १७ प्रोटॉन, १७ इलेक्ट्रॉन, मांडणी २, ८, ७. एक इलेक्ट्रॉन आला की १८ झाले, चार्ज १−.

इथे एक शंका जवळपास प्रत्येकाला येते की इलेक्ट्रॉन "गेला" तर मायनस व्हायला पाहिजे ना, प्लस कसा? कारण जी वस्तू गेली तीच मायनस होती. मायनस कमी झालं म्हणजे प्लस वरचढ झाला. प्रोटॉनला कुठलीही रासायनिक अभिक्रिया हात लावत नाही, ते केंद्रकात जिथल्या तिथे असतात, ये-जा फक्त इलेक्ट्रॉनची. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता आवर्तसारणी समोर घ्या, पाठ करायचं नाहीये, बघायचंय. डावीकडचा पहिला गण, लिथियम, सोडियम, पोटॅशियम, सगळे १+. दुसरा गण, मॅग्नेशियम, कॅल्शियम, बेरियम, सगळे २+. अ‍ॅल्युमिनियम ३+. उजवीकडून मोजा, गण १७ म्हणजे फ्लोरिन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन हे १−, गण १६ मधले ऑक्सिजन आणि सल्फर २−, गण १५ मधला नायट्रोजन आयन झालाच तर ३−. आठ इलेक्ट्रॉनचं अष्टक पूर्ण करायला डावीकडच्यांना थोडे द्यावे लागतात आणि उजवीकडच्यांना थोडे घ्यावे लागतात, एवढंच कारण. कार्बन मध्येच बसलाय, चार द्यायचे का चार घ्यायचे, दोन्ही महाग पडतं, म्हणून तो साधारणपणे आयन न होता भागीदारी करतो, म्हणजे सहसंयुज बंध.

मधल्या पट्ट्यातल्या धातूंचं असं सरळ नाही. लोखंड २+ पण होतं आणि ३+ पण. तांबं १+ आणि २+. झिंक मात्र २+ च, चांदी बहुतेक वेळा १+. कथील आणि शिसं २ आणि ४ अशा दोन ठिकाणी दिसतात. हे थोडे पाठच करावे लागतात, पर्याय नाही. जुन्या नावांत कमी चार्जला "अस" आणि जास्त चार्जला "इक" लागतं, म्हणजे फेरस २+, फेरिक ३+, क्युप्रस १+, क्युप्रिक २+. सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या मिळतात त्यावर फेरस सल्फेट लिहिलेलं असतं. ते फेरस मुद्दाम असतं, कारण आतड्यात २+ वालं लोह ३+ पेक्षा सहज शोषलं जातं, आणि लिंबासारख्या आंबट फळांतलं व्हिटॅमिन सी ३+ ला एक इलेक्ट्रॉन देऊन २+ करतं म्हणून जेवणात लिंबू पिळायला सांगतात. एका इलेक्ट्रॉनचा फरक आहे हा, आणि अंगाला लागणं न लागणं त्यावर ठरतं.

पायरी २: मूलकं, यांना पाठांतर लागतंच

काही आयन एकट्या अणूचे नसतात, दोन किंवा जास्त अणू एकत्र बांधलेले असतात आणि सगळी टोळी मिळून चार्ज बाळगते. रोज लागणारी अशी: अमोनियम १+ (प्लसवालं महत्त्वाचं एवढं एकच), मग हायड्रॉक्साइड १−, नायट्रेट १−, नायट्राइट १−, बायकार्बोनेट १−, परमँगनेट १−, हायपोक्लोराइट १−, क्लोरेट १−, त्यानंतर कार्बोनेट २−, सल्फेट २−, सल्फाइट २−, क्रोमेट २−, डायक्रोमेट २−, आणि फॉस्फेट ३−. एवढ्यावर अकरावीचा बराच भाग निघतो. रोज पाच-पाच लिहून काढा, नुसतं वाचून राहत नाहीत.

"एट" आणि "आइट" मध्ये चार्ज सहसा बदलत नाही, ऑक्सिजन एक कमी होतो. सल्फेटमध्ये चार ऑक्सिजन, सल्फाइटमध्ये तीन, दोघांचा चार्ज २−. नायट्रेटमध्ये तीन, नायट्राइटमध्ये दोन, दोघांचा १−. म्हणजे चार्ज तोच राहिला आणि ऑक्सिजन कमी झाला, तर आतल्या सल्फरचा हिशोब बदलला असणार. हा धागा पुढे लागणार आहे, लक्षात असू द्या.

आणि सल्फेटचा २− हा सल्फरचा नाही, ऑक्सिजनचा पण नाही, पाचही अणूंचा मिळून आहे. परीक्षेत "सल्फेटमधल्या सल्फरचा चार्ज किती" असा प्रश्न मनात सुद्धा आणू नका, सल्फरला तिथे स्वतंत्र चार्ज नाहीच.

पायरी ३: चार्जवरून सूत्र बांधा

नियम एकच, सगळ्या आयनांच्या चार्जची बेरीज शून्य. मॅग्नेशियम २+ आणि क्लोराइड १− असेल तर एका मॅग्नेशियमला दोन क्लोराइड. अ‍ॅल्युमिनियम ३+ आणि सल्फेट २− असेल तर दोन अ‍ॅल्युमिनियम (६+) आणि तीन सल्फेट (६−). शाळेत आकडे तिरके खाली उतरवायला शिकवतात, ते चालतं, फक्त शेवटी भागून बारीक करायचं विसरू नका. मॅग्नेशियम २+ आणि ऑक्साइड २− तिरके उतरवले तर दोन आणि दोन येतात, पण सूत्र एकास एक. याला काही अपवाद आहेत, मर्क्युरस क्लोराइडमध्ये दोन पारा आणि दोन क्लोरीन असंच लिहायचं, कारण तिथे पाऱ्याचे दोन अणू एकमेकांना धरून जोडीने २+ चा आयन बनवतात, ती जोडी तोडून लिहिता येत नाही.

घरातली तुरटी घ्या. पाणी निवळायला फिरवतात ती. तिच्यात पोटॅशियम १+, अ‍ॅल्युमिनियम ३+, आणि सल्फेट २−. प्लसची बेरीज चार, म्हणून सल्फेट दोन लागणार, ४ वजा ४ शून्य. स्फटिकात पाण्याचे १२ रेणू पण असतात पण त्यांचा चार्ज शून्य, हिशोबात धरायचे नाहीत. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, सल्फेट २− म्हणून तांबं २+, सोबत पाण्याचे पाच रेणू. नाशिककडचे द्राक्षवाले मोरचूद आणि चुना घालून बोर्डो मिश्रण करतात, बुरशी मारतं ते हेच २+ वालं तांबं.

मोरचुदात आपण तांब्याचा चार्ज सल्फेटवरून काढला, तांब्याकडे बघून नाही. ज्याचा चार्ज ठरलेला आहे त्याच्यावरून ज्याचा बदलतो त्याचा काढायचा, हीच रीत पुढे ऑक्सिडेशन नंबरला पण लागते.

पायरी ४: ऑक्सिडेशन नंबर म्हणजे नक्की काय

मिठात इलेक्ट्रॉन सरळ एकाकडून दुसऱ्याकडे गेला, तिथे वाद नाही. पण पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आणि हायड्रोजन इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतात, मग ती जोडी कोणाची धरायची? दोन भावांच्या शेताच्या बांधावर सामायिक विहीर असते, पाणी दोघंही काढतात, पण समजा सातबाऱ्यावर ती अख्खी विहीर ज्याचा जोर जास्त त्या भावाच्या नावावर चढवली, तर कागद वेगळं सांगेल आणि वापर वेगळा असेल. ऑक्सिडेशन नंबर हा तो सातबारा. बंधातली अख्खी जोडी ज्याची विद्युतऋणता (इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायचा जोर) जास्त त्याच्या नावावर टाकायची आणि मग प्रत्येकाकडे मुळापेक्षा किती जास्त किंवा कमी झाले ते लिहायचं.

विद्युतऋणतेची पट्टी लायनस पॉलिंग यांनी १९३२ साली मांडली. त्या पट्टीवर आजचे आकडे असे, फ्लोरिन ३.९८, ऑक्सिजन ३.४४, क्लोरीन ३.१६, नायट्रोजन ३.०४, सल्फर २.५८, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२०, बोरॉन २.०४, आणि सोडियम फक्त ०.९३. आकडे पाठ नकोत, क्रम लक्षात राहिला तरी पुष्कळ.

आता पाणी करून बघा. ऑक्सिजनचे स्वतःचे बाहेरचे इलेक्ट्रॉन ६. दोन बंध, दोन्हीतली जोडी ऑक्सिजनच्या नावावर, म्हणजे ४, आणि त्याच्या स्वतःच्या दोन मोकळ्या जोड्या म्हणजे अजून ४. एकूण ८, मूळ ६, दोन जास्त, म्हणून −२. हायड्रोजनकडे मूळ १ होता, आता कागदावर शून्य, म्हणून +१. खरोखरच्या पाण्यात ऑक्सिजनवर पूर्ण २− चार्ज नाही, थोडासा मायनसकडे झुकाव आहे एवढंच. पोटॅशियम परमँगनेटमध्ये मँगनीजचा नंबर +७ येतो, पण कोणीही मँगनीजमधून सात इलेक्ट्रॉन उपटून काढलेले नाहीत, तेवढी ऊर्जा कुठल्या साध्या अभिक्रियेत मिळतच नाही. +७ हा हिशोब आहे.

पायरी ५: नियम, पण क्रमाने

पुस्तकात नियम असतात आणि प्रत्येक नियमाखाली अपवाद असतात, आणि मुलं अपवाद पाठ करत बसतात. माझं ठाम मत आहे की त्याची गरज नाही. नियमांना वरून खाली महत्त्वाचा क्रम लावा आणि भांडण झालं की वरचा जिंकतो असं धरा, अपवाद बहुतेक आपोआप निघतात.

क्रम असा.
१. मोकळं मूलद्रव्य असेल तर शून्य. लोखंडाचा खिळा, ऑक्सिजन वायू, ओझोन, गंधकाचा आठ अणूंचा रेणू, सगळे शून्य.
२. सगळ्या अणूंच्या नंबरांची बेरीज म्हणजे रेणूसाठी शून्य आणि आयनासाठी त्याचा चार्ज. हा कधीच मोडत नाही.
३. संयुगातला फ्लोरिन नेहमी −१.
४. गण १ चे धातू +१, गण २ चे +२, अ‍ॅल्युमिनियम +३.
५. हायड्रोजन +१.
६. ऑक्सिजन −२.
७. बाकीचे हॅलोजन, म्हणजे गण १७ मधले क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन, −१.
उरलेला जो कोणी असेल त्याचा बेरजेवरून काढा.

आता गंमत बघा. सोडियम हायड्राइड, एक सोडियम एक हायड्रोजन. चौथा नियम आधी लागला, सोडियम +१. बेरीज शून्य हवी, म्हणून हायड्रोजनला −१ व्हावंच लागलं, पाचवा नियम हरला. "धातूंच्या हायड्राइडमध्ये हायड्रोजन −१ असतो" हा अपवाद पाठ न करता मिळाला. हायड्रोजन पेरॉक्साइड, दोन हायड्रोजन दोन ऑक्सिजन. पाचवा आधी, हायड्रोजन मिळून +२, म्हणून दोन ऑक्सिजन मिळून −२, प्रत्येकी −१. पेरॉक्साइडचा अपवाद मिळाला. बेरियम पेरॉक्साइडमध्ये बेरियम +२ आधी, ऑक्सिजन पुन्हा −१. पोटॅशियम सुपरऑक्साइड, एक पोटॅशियम दोन ऑक्सिजन, पोटॅशियम +१, ऑक्सिजन प्रत्येकी −१/२. आणि ऑक्सिजन डायफ्लोराइड, तिथे फ्लोरिन सगळ्यात वर, दोन फ्लोरिन −२, म्हणून ऑक्सिजन चक्क +२. क्लोरीनचं पण तसंच, हायपोक्लोराइटमध्ये ऑक्सिजन −२ आधी लागला, एकूण चार्ज १− हवा, म्हणून क्लोरीन +१.

जिथे हा क्रम फसतो अशी एक जागा सांगून ठेवतो, सोडियम बोरोहायड्राइड. एक सोडियम, एक बोरॉन, चार हायड्रोजन. नियमाने हायड्रोजन +१ धरला तर बोरॉन −५ येतो, चूक आहे. विद्युतऋणतेचे आकडे बघा, हायड्रोजन २.२०, बोरॉन २.०४, जोडी हायड्रोजनच्या नावावर जायला हवी, म्हणून हायड्रोजन −१ आणि बोरॉन +३. शंका आली की नेहमी मूळ व्याख्येकडे जायचं, जोडी कोणाच्या नावावर, नियम हे त्याचे शॉर्टकट आहेत फक्त.

पायरी ६: सोडवून बघा

पोटॅशियम परमँगनेट. विहिरीत टाकायचं लाल औषध म्हणून गावाकडे सगळ्यांना माहीत असलेलं. एक पोटॅशियम, एक मँगनीज, चार ऑक्सिजन. पोटॅशियम +१, ऑक्सिजन चार गुणिले −२ म्हणजे −८. १ + मँगनीज − ८ = ०, मँगनीज +७. ते पाणी हाताला किंवा भांड्याला लागून सुकलं की तपकिरी डाग पडतो, तो मँगनीज डायऑक्साइडचा, तिथे मँगनीज +४. रंग बदलला म्हणजे नंबर बदलला, डोळ्यांना दिसतं.

डायक्रोमेट आयन. दोन क्रोमियम, सात ऑक्सिजन, चार्ज २−. इथे बेरीज शून्य नाही, −२ करायची, ही चूक सगळ्यात जास्त होते. दोन क्रोमियम − १४ = −२, दोन क्रोमियम +१२, प्रत्येकी +६. शेवटचा भागाकार विसरून +१२ लिहिणारे पण खूप असतात. क्रोमियमच्या नंबराला नुसतं परीक्षेपुरतं समजू नका. कातडं कमावायला +३ वालं क्रोमियम वापरतात, आणि +६ वालं माणसात कॅन्सर करतं हे सिद्ध झालेलं आहे. मूलद्रव्य तेच, म्हणून कारखान्याच्या सांडपाण्याच्या रिपोर्टमध्ये नुसतं "क्रोमियम" न लिहिता हेक्झाव्हॅलंट क्रोमियम वेगळं मोजतात.

अमोनियम नायट्रेट. यात दोन नायट्रोजन, चार हायड्रोजन, तीन ऑक्सिजन. सगळं एकत्र करून सोडवलं तर प्रत्येक नायट्रोजन +१ येतो, आकडेमोड बरोबर पण उत्तराला अर्थ नाही. आधी आयन वेगळे करा. अमोनियम १+, तिथे नायट्रोजन + ४ = १, म्हणजे −३. नायट्रेट १−, नायट्रोजन − ६ = −१, म्हणजे +५. एकाच पदार्थात एक नायट्रोजन सगळ्यात खालच्या टोकाला आणि एक सगळ्यात वरच्या, म्हणूनच हे खत तापवताना किंवा साठवताना धोक्याचं असतं, देणारा आणि घेणारा शेजारी शेजारी बसलेत.

अपूर्णांक आला तर घाबरू नका, तो सरासरीचा असतो. मॅग्नेटाइटमध्ये तीन लोखंड चार ऑक्सिजन, लोखंड +८/३ येतं. खरं म्हणजे तिथे एक २+ आणि दोन ३+ आहेत, बेरीज ८, भागिले तीन. थायोसल्फेटमध्ये दोन सल्फर मिळून +४, सरासरी +२, पण दोन्ही सल्फर सारखे नाहीत, एक मधला आणि एक बाहेर लटकलेला.

आणि उत्तर तपासायची एक छान युक्ती. मुख्य गणातल्या अणूचा नंबर त्याच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनपेक्षा जास्त होऊ शकत नाही, जेवढे आहेत तेवढेच जाणार ना. सल्फरकडे ६, म्हणून छत +६. आता पेरॉक्सोमोनोसल्फ्युरिक आम्ल घ्या, दोन हायड्रोजन, एक सल्फर, पाच ऑक्सिजन. नियमाने सल्फर +८ येतो. छताच्या वर गेला, म्हणजे कुठेतरी ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध लपलाय, ते दोन ऑक्सिजन −१ चे, बाकी तीन −२ चे, एकूण −८, हायड्रोजन +२, सल्फर +६. क्रोमियम पेंटॉक्साइडचं पण हेच, +१० येतो आणि तो अशक्य, कारण क्रोमियमकडे सहाच आहेत, आत दोन पेरॉक्साइड जोड्या आहेत, खरं उत्तर +६. आजवर कुठल्याही मूलद्रव्याचा सगळ्यात मोठा सापडलेला नंबर +९, इरिडियमचा, २०१४ साली जाहीर झाला. त्यामुळे दोन आकडी उत्तर आलं की पेन खाली ठेवून सूत्र परत बघा.

कार्बनची शिडी एकदा तरी स्वतः करा. मिथेन −४, मिथेनॉल −२, फॉर्मल्डिहाइड ०, फॉर्मिक आम्ल +२, कार्बन डायऑक्साइड +४. प्रत्येक ठिकाणी कार्बनचे बंध चारच आहेत, म्हणजे संयुजा ४ च राहिली, चार्ज कुठेच नाही, आणि नंबर मात्र −४ पासून +४ पर्यंत चढला. संयुजा, चार्ज, नंबर हे तीन वेगळे का, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण हेच आहे.

पायरी ७: लिहायची पद्धत

चार्ज लिहिताना आकडा आधी, चिन्ह नंतर, २+, ३−. ऑक्सिडेशन नंबर लिहिताना चिन्ह आधी, +२, −३. पेपर तपासणारे सगळेच कडक नसतात पण सवय लावून घ्या, कारण लिहिताना आपल्यालाच कळतं की आत्ता आपण कशाबद्दल बोलतोय. नावात नंबर टाकायचा असेल तर रोमन आकडा कंसात, उदाहरणार्थ आयर्न (थ्री) क्लोराइड, तिथे कंसात रोमन तीन. ही पद्धत जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांनी १९१९ मध्ये सुचवली. हा रोमन आकडा म्हणजे अणूंची संख्या नाही, आयर्न थ्री क्लोराइडमध्ये लोखंड एकच आहे.

पायरी ८: आता याचा उपयोग

नंबर वाढला तर ऑक्सिडीकरण, कमी झाला तर क्षपण, आणि दोन्ही एकत्र होतात त्या अभिक्रियेला रेडॉक्स म्हणतात. दहावीची "ऑक्सिजन मिळाला" वाली व्याख्या चूक नव्हती, ऑक्सिजन मिळाला की नंबर वाढतोच, पण मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला तर ऑक्सिजनचा संबंध नसताना पण ऑक्सिडीकरण होतं. खिळ्याचं लोखंड ० वरून +२, तांबं +२ वरून ०, आणि खिळ्यावर लालसर थर बसतो. सल्फेट जिथल्या तिथे, त्याच्यातला एकही नंबर हलत नाही.

उलट चुनखडी भाजून चुनकळी करतात तेव्हा केवढी उष्णता लागते, वायू निघतो, पदार्थ बदलतो, तरी कॅल्शियम +२, कार्बन +४, ऑक्सिजन −२, सगळे आधी होते तेच. म्हणून ती रेडॉक्स नाही. मोठी दिसते म्हणून रेडॉक्स असं नसतं, नंबर मांडून बघायचं.

कधी एकच मूलद्रव्य दोन्हीकडे जातं. हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली उघडी राहिली की हळूहळू पाणी आणि ऑक्सिजन होतो, ऑक्सिजन −१ वरून काही −२ ला उतरले आणि काही ० ला चढले. थंड कॉस्टिक सोड्यात क्लोरीन सोडला तर तो ० वरून −१ (क्लोराइड) आणि +१ (हायपोक्लोराइट) असा दोन्हीकडे फुटतो, धुण्याचं ब्लीच असंच तयार होतं.

लॅबमध्ये पहिलं मोठं टायट्रेशन (एक द्रावण थेंब थेंब टाकून दुसरं किती आहे ते मोजणं) असेल ते परमँगनेटचं. आम्लात मँगनीज +७ वरून +२ ला येतो, पाच इलेक्ट्रॉन घेतो. समोर फेरस असेल तर लोखंड +२ वरून +३, प्रत्येकी एकच देतो. म्हणून एका परमँगनेटला पाच फेरस लागतात. समीकरण संतुलित करताना आधी हे पाच आणि एक शोधा, मग ऑक्सिजन पाण्याने आणि हायड्रोजन आम्लातल्या हायड्रोजन आयनांनी जुळवा, आणि अगदी शेवटी दोन्ही बाजूंचा चार्ज मोजा. डावीकडे परमँगनेट १−, पाच फेरस १०+, आठ हायड्रोजन आयन ८+, एकूण १७+. उजवीकडे एक मँगनस २+, पाच फेरिक १५+, चार पाणी शून्य, एकूण १७+. बघा, नंबरांनी इलेक्ट्रॉन मोजले आणि चार्जने उत्तर तपासलं, दोघांचं काम वेगळं आहे.

सरावाला ही सहा घ्या आणि खालची उत्तरं आधी झाकून ठेवा: फॉस्फरिक आम्लातला फॉस्फरस (तीन हायड्रोजन, एक फॉस्फरस, चार ऑक्सिजन), कॅल्शियम हायड्राइडमधला हायड्रोजन, लेड डायऑक्साइडमधलं शिसं, अमोनियम डायक्रोमेटमधले नायट्रोजन आणि क्रोमियम, टेट्राथायोनेट आयनातला सल्फर (चार सल्फर, सहा ऑक्सिजन, चार्ज २−), आणि पोटॅशियम फेरोसायनाइडमधलं लोखंड (चार पोटॅशियम, एक लोखंड, सहा सायनाइड).

उत्तरं: फॉस्फरस +५. हायड्रोजन −१, कारण कॅल्शियम वरच्या नियमात आहे. शिसं +४. नायट्रोजन −३ आणि क्रोमियम +६, आयन वेगळे केलेत तरच येतं. सल्फर सरासरी +२.५, अपूर्णांक आहे म्हणजे सगळे सल्फर सारखे नाहीत. आणि लोखंड +२, सायनाइडचा चार्ज १− आहे हे माहीत असलं की कार्बन-नायट्रोजनचा वेगळा हिशोब करायची गरजच पडत नाही, सहा सायनाइड ६−, चार पोटॅशियम ४+, उरलेले दोन लोखंडाचे.